रेडिओ कंट्रोल विमानाचं क्रिस्टल बदलताना: नवीन मंडळींसाठी

स्वॅप मीटमधून, म्हणजे हौशी मंडळींच्या जुन्या सामानाच्या बाजारातून, किंवा क्लबातल्या एखाद्या ज्येष्ठ सभासदाकडून हाती आलेला ७२ मेगाहर्ट्झचा जुना सेट नीट ठेवलेला असेल तर आजही झकास चालतो. २००५-०६ च्या सुमारास स्पेक्ट्रम कंपनीचे २.४ गिगाहर्ट्झचे सेट आले आणि बघता बघता मैदानांवरून लांबलचक अँटेना दिसेनासे झाले. तरीही अमेरिकेत ७२ मेगाहर्ट्झ कायदेशीर आहे आणि जुनी विमानं जुन्याच रेडिओवर उडवण्याची हौस असलेली माणसं आहेत. असा सेट घेऊन मैदानावर गेलं की नवख्यासमोर पहिली अडचण ठरलेली: आपला चॅनल, म्हणजे सेटची ठरलेली फ्रिक्वेन्सी, आधीच दुसऱ्या कोणाकडे आहे. मग तो बदलायचा कसा?

हाताचं काम पाच मिनिटांचं आहे. विमानात बसवलेल्या रिसीव्हरमधून क्रिस्टलची एक छोटी डबी उपटायची, दुसरी बसवायची. पण यात चूक झाली तर तिची किंमत बहुतेक वेळा दुसराच कोणीतरी मोजतो. तुमचा ट्रान्समीटर, म्हणजे हातातला रेडिओ, भलत्या फ्रिक्वेन्सीवर चालू झाला की पडतं ते त्या क्षणी हवेत असलेलं दुसऱ्याचं विमान. दोन-अडीच किलोचं, पुढे गरगरता प्रॉपेलर असलेलं विमान ताबा सुटून माणसांच्या दिशेने येणं ही गंभीर गोष्ट आहे. म्हणून या लेखात क्रिस्टल उपटण्याबद्दल थोडं आणि चॅनलबद्दल बरंच जास्त लिहिलं आहे. मुख्य उदाहरण अमेरिकेतल्या ७२ मेगाहर्ट्झचं आहे. ब्रिटन, युरोप आणि भारतात काय वेगळं आहे ते ओघात येईल.

आधी चॅनल समजून घ्या

अमेरिकेत विमानांसाठी ११ ते ६० असे पन्नास चॅनल आहेत. चॅनल ११ म्हणजे ७२.०१० मेगाहर्ट्झ, चॅनल ६० म्हणजे ७२.९९०, आणि दोन चॅनलमध्ये अंतर २० किलोहर्ट्झ. हिशोब डोक्यात ठेवायला सोपा आहे: चॅनल नंबराला ०.०२ ने गुणा आणि त्यात ७१.७९ मिळवा. चॅनल ४२ असेल तर ७२.६३०. सगळ्या फ्रिक्वेन्सी ०१, ०३, ०५ अशा विषम आकड्यांवर का, तर मधल्या सम आकड्यांवर इतर व्यावसायिक रेडिओ सेवा बसतात. म्हणजे तुमच्या दोन्ही बाजूंना फक्त १० किलोहर्ट्झवर दुसऱ्याचं घर आहे. रिसीव्हर अरुंद पट्ट्याचा असणं आणि क्रिस्टल नेमक्या फ्रिक्वेन्सीचं असणं इतकं महत्त्वाचं का, ते यावरून कळेल.

६१ ते ९० हे चॅनल ७५ मेगाहर्ट्झवर आहेत आणि ते फक्त जमिनीवरच्या व पाण्यातल्या मॉडेलसाठी, म्हणजे गाड्या आणि बोटींसाठी. त्यावर विमान उडवायचं नाही, आणि ७२ वर गाडी चालवायची नाही. गाडीवाल्याला मैदान लागत नाही. तो गल्लीत खेळत असतो आणि वर कोणाचं विमान आहे हे त्याला दिसतही नाही. म्हणूनच हे दोन पट्टे वेगळे ठेवलेत.

ब्रिटनमध्ये विमानांसाठी ३५ मेगाहर्ट्झ आहे. तिथे ५५ ते ९० असे छत्तीस चॅनल असून अंतर १० किलोहर्ट्झ आहे. चॅनल ५५ म्हणजे ३४.९५०, चॅनल ७० म्हणजे ३५.१००, चॅनल ९० म्हणजे ३५.३००. युरोपातल्या बऱ्याच देशांत ६१ ते ८० हा 'ए' पट्टा आणि ३५.८२० पासून सुरू होणारा १८२ ते १९१ हा 'बी' पट्टा. चॅनल ६० हा नुसता आकडा दोन देशांत दोन वेगळ्या फ्रिक्वेन्सी सांगतो, हे परदेशातून सेट मागवणाऱ्यांनी आधी ध्यानात घ्यावं.

एक सावधगिरी फार जुन्या सेटबद्दल. १९९१ च्या आधीच्या काही ट्रान्समीटरच्या अँटेनाला दोन रंगांच्या फिती बांधलेल्या सापडतात: तपकिरी-पांढरी म्हणजे ७२.०८०, निळी-पांढरी ७२.१६०, लाल-पांढरी ७२.२४०, जांभळी-पांढरी ७२.३२०, नारिंगी-पांढरी ७२.४००, पिवळी-पांढरी ७२.९६०. आजच्या यादीत यातली एकही फ्रिक्वेन्सी नाही. प्रत्येक जण आजच्या दोन चॅनलच्या बरोबर मधे बसतो आणि दोघांनाही त्रास देतो. असा सेट क्रिस्टल बदलून सुधारत नाही, कारण त्या काळच्या ट्रान्समीटरचा सिग्नलच रुंद पसरतो. तो कपाटात शोभेला ठेवा.

क्रिस्टल काय करतं

डबीच्या आत क्वार्ट्झची पातळ चकती असते. वीज लावली की ती स्वतःच्या ठरलेल्या वेगाने कंप पावते, आणि तो वेग तिच्या जाडीवर आणि ती कोणत्या कोनात कापली आहे त्यावर ठरतो. ट्रान्समीटर याच कंपनावरून आपली फ्रिक्वेन्सी बांधतो.

रिसीव्हरचं गणित थोडं वेगळं आहे आणि नवख्यांचा घोटाळा इथेच होतो. रिसीव्हर आलेला सिग्नल थेट वापरत नाही. तो स्वतःची एक फ्रिक्वेन्सी तयार करतो, आलेल्या सिग्नलशी ती मिसळतो आणि दोघांतला फरक पुढे पाठवतो. साध्या, म्हणजे सिंगल कन्व्हर्जन रिसीव्हरमध्ये हा फरक ४५५ किलोहर्ट्झ ठेवलेला असतो. म्हणून रिसीव्हरचं क्रिस्टल सहसा चॅनलच्या ०.४५५ मेगाहर्ट्झ खाली चालतं. चॅनल ६० साठी ट्रान्समीटरमध्ये ७२.९९० आणि रिसीव्हरमध्ये ७२.५३५. ब्रिटनच्या चॅनल ७० साठी ३५.१०० आणि ३४.६४५.

डबल कन्व्हर्जन रिसीव्हर हेच काम दोन टप्प्यांत करतो. आधी १०.७ मेगाहर्ट्झवर आणतो, मग ४५५ किलोहर्ट्झवर. त्याचं चॅनलचं क्रिस्टल १०.७ मेगाहर्ट्झ खाली असतं, म्हणजे चॅनल ६० साठी ६२.२९०. आतमध्ये दुसरं एक कायमचं क्रिस्टल असतं, त्याला हात लावायचा नाही.

आता हे सांगण्याचं कारण. ट्रान्समीटरचं क्रिस्टल, सिंगल कन्व्हर्जन रिसीव्हरचं क्रिस्टल आणि डबल कन्व्हर्जन रिसीव्हरचं क्रिस्टल ही तीन वेगळी क्रिस्टल आहेत, भले तिन्हींवर '६०' असंच छापलेलं असो. लेबलवर बऱ्याचदा खरी फ्रिक्वेन्सी नसते, चॅनलचीच असते. 'टीएक्स' (ट्रान्समीटर), 'आरएक्स' (रिसीव्हर) आणि 'डीसी' (डबल कन्व्हर्जन) ही अक्षरं वाचूनच ओळखायचं. ट्रान्समीटरचं क्रिस्टल चुकून रिसीव्हरमध्ये गेलं तर विमान नुसतं ढिम्म बसून राहतं, नुकसान काही नाही. पण उलटं झालं तर? चॅनल ६० चं रिसीव्हर-क्रिस्टल ट्रान्समीटरमध्ये बसलं आणि तो चालला, तर तो ७२.५३५ वर बोलायला लागेल. चॅनल ३७ आहे ७२.५३० वर. अवघ्या ५ किलोहर्ट्झचा फरक. तुमच्या हातात ६० ची पिन (मैदानावर तो चॅनल आपण घेतल्याची खूण) असेल, तुम्ही नियमाने वागताय असं तुम्हाला वाटत असेल, आणि ३७ वर उडणाऱ्याचं विमान मात्र खाली येईल. कशामुळे पडलं हे त्यालाही कळणार नाही आणि तुम्हालाही नाही.

सेटची ओळख पटवा

क्रिस्टल विकत घेण्याआधी ट्रान्समीटर उलटा करून आणि रिसीव्हर फोममधून बाहेर काढून त्यांच्यावर लिहिलेलं सगळं वाचा, जमलं तर मोबाइलवर फोटो काढून ठेवा. चार गोष्टी शोधायच्या.

सेट एएम, एफएम (यालाच पीपीएम म्हणतात) की पीसीएम? या सिग्नल पाठवण्याच्या वेगवेगळ्या पद्धती आहेत. एएमचं क्रिस्टल एफएमच्या सेटमध्ये चालत नाही. पीसीएम ही ज्या त्या कंपनीची स्वतःची भाषा आहे. फुटाबाच्या पीसीएम ट्रान्समीटरचं जेआरच्या पीसीएम रिसीव्हरशी कधीच जुळत नाही.

दुसरी गोष्ट शिफ्ट, म्हणजे एफएम सिग्नल पाठवताना फ्रिक्वेन्सी वर सरकते की खाली. अमेरिकेत विकल्या गेलेल्या ७२ मेगाहर्ट्झच्या एफएम सेटमध्ये फुटाबा आणि हायटेक निगेटिव्ह शिफ्टवर आहेत, जेआर आणि एअरट्रॉनिक्स पॉझिटिव्हवर. फुटाबाचा ट्रान्समीटर आणि जेआरचा रिसीव्हर एकाच चॅनलवर असले तरी सर्व्हो (विमानाचे हलते भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटारी) वेडेवाकडे थरथरतात, आणि नवखा मात्र क्रिस्टलवर क्रिस्टल बदलत बसतो. हा दोष क्रिस्टलने जात नाही. काही ट्रान्समीटरमध्ये शिफ्ट मेन्यूतून बदलता येते, नाहीतर जुळणारा रिसीव्हरच घ्यावा लागतो.

तिसरं, रिसीव्हर सिंगल कन्व्हर्जन की डबल. डब्यावर लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर मॉडेल नंबरावरून शोधा, अंदाजाने क्रिस्टल मागवू नका.

चौथी गोष्ट पुष्कळांच्या नजरेतून सुटते: लो बँड की हाय बँड. फुटाबाचे ७२ मेगाहर्ट्झचे रिसीव्हर ११ ते ३५ साठी वेगळे आणि ३६ ते ६० साठी वेगळे जुळवलेले असतात. रिसीव्हरच्या पुढच्या भागातल्या कॉइल त्या अर्ध्या पट्ट्यासाठी बसवलेल्या असतात. चॅनल ४२ वरून ५० वर जायचं असेल तर क्रिस्टल बदललं की भागलं. चॅनल २० वरून ५० वर जायचं असेल तर क्रिस्टल बसेल, टेबलावर सर्व्होही हलतील, पण रेंज अर्धवट राहील आणि ते कळेल विमान लांब गेल्यावर. एका अर्ध्यातून दुसऱ्या अर्ध्यात जायचं तर रिसीव्हर पुन्हा जुळवून घ्यावा लागतो, आणि त्याला वर्कशॉपमधली उपकरणं लागतात. कॉइलच्या आतला छोटा स्क्रू पेचकसने फिरवून बघण्याचा मोह आवरा. तो एकदा हलला की मूळ जागी आणणं घरी जमत नाही.

कोणता चॅनल घ्यायचा

मैदानावर जाऊन फ्रिक्वेन्सी बोर्ड, म्हणजे कोणता चॅनल वापरात आहे ते दाखवणारा फलक, बघा आणि कोणाकडे कोणते चॅनल आहेत त्याची यादी मागा. आता ७२ वापरणारे थोडेच असल्यामुळे मोकळे चॅनल सहज मिळतात, तरी नुसता मोकळा आकडा उचलू नका.

दोन ट्रान्समीटर जवळ जवळ चालू असतील तर त्यांच्या मिश्रणातून तिसरी फ्रिक्वेन्सी तयार होते. ४० आणि ४२ वर दोघे उडवत असतील तर त्याच अंतरावर पुढे ४४ वर आणि मागे ३८ वर त्यांची सावली पडते. म्हणून आपल्या नेहमीच्या सोबत्यांच्या चॅनलशी समान अंतराची माळ होत नाही ना, हे बघा. सिंगल कन्व्हर्जन रिसीव्हरवाल्यांनी आणखी एक बघावं. जे दोन ट्रान्समीटर एकमेकांपासून २२ किंवा २३ चॅनल दूर आहेत, त्यांच्यातला फरक ४४० किंवा ४६० किलोहर्ट्झ, म्हणजे रिसीव्हरच्या आतल्या ४५५ च्या अगदी शेजारी. दोघेही जोरात जवळ असतील तर असा रिसीव्हर गोंधळतो, मग तुमचा स्वतःचा चॅनल कोणताही असो. डबल कन्व्हर्जन रिसीव्हरचं संरक्षण इथे चांगलं असतं, आणि माझं मत विचाराल तर मोठ्या किंवा वेगवान विमानात सिंगल कन्व्हर्जन रिसीव्हर बसवूच नये.

घराजवळच्या मोकळ्या जागेत एकट्याने उडवणार असाल तर आजूबाजूला क्लबचं मैदान किती लांब आहे ते आधी शोधा. अमेरिकेतल्या अकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्सने तीन मैलांची, म्हणजे जवळपास पाच किलोमीटरची मर्यादा सांगितली होती: तेवढ्या अंतरात दुसरं मैदान असेल तर आधी फ्रिक्वेन्सी वाटून घ्यायच्या. हवेत उंचावर असलेल्या विमानाला लांबचा ट्रान्समीटरही स्पष्ट ऐकू येतो, म्हणून हे अंतर इतकं मोठं.

क्रिस्टल विकत घेताना

ज्या कंपनीचा रिसीव्हर त्याच कंपनीचं क्रिस्टल घ्या. दोन कंपन्यांची क्रिस्टल दिसायला सारखी असली तरी सर्किट क्रिस्टलवर जो भार टाकतं तो वेगळा असतो, त्यामुळे तेच क्रिस्टल दुसऱ्या सर्किटमध्ये एक-दोन किलोहर्ट्झ सरकून चालू शकतं. शेजारी १० किलोहर्ट्झवर दुसरा बसलेला असताना तेवढं सरकणंही महागात पडतं. छोट्या पार्क फ्लायर विमानांच्या रिसीव्हरमधली बारीक क्रिस्टल तर मापानेच वेगळी असतात.

जुनं क्रिस्टल घेताना ते पडझड झालेल्या विमानातलं नाही ना, हे विचारा. क्वार्ट्झची चकती ठिसूळ असते. बाहेरून डबीला पोचा नसला तरी आत चकती तडकलेली असू शकते, आणि असं क्रिस्टल कधी चालतं, कधी इंजिनाच्या थरथराटाने बंद पडतं. आपलं विमान जोरात आपटलं असेल तर रिसीव्हरचं क्रिस्टल नवीन घालणं शहाणपणाचं.

रिसीव्हरचं क्रिस्टल बदलणं

विमान टेबलावर घ्या. इलेक्ट्रिक असेल तर प्रॉपेलर काढून ठेवा, मोटारची बॅटरी सोडवा. रिसीव्हरचीही बॅटरी सोडवा; नुसता स्विच बंद करून थांबू नका. रिसीव्हर फोमच्या गुंडाळीतून अलगद बाहेर काढा. अँटेनाची तार ओढू नका. ही तार साधारण एक मीटरची असते, ती कापायची नाही, गुंडाळून आखूड करायची नाही, दुमडून चिकटवायची नाही.

क्रिस्टल बहुतेक रिसीव्हरमध्ये एका टोकाला खाचेत बसलेलं असतं. वर प्लास्टिकचं टोपण किंवा पारदर्शक पट्टी असते, तिला धरून सरळ वर ओढा. डावी-उजवीकडे हलवलंत तर पाय वाकतात किंवा आतली सॉकेट सैल होते. बोटाने निघत नसेल तर पट्टीला नाकाडी पक्कडीने हलकेच धरा, धातूच्या डबीला नाही. काढलेल्या क्रिस्टलचे दोन्ही पाय निरखून बघा. काळपट पडले असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसा. घासपेपर वापरू नका, त्याने वरचा मुलामा जातो.

नवीन क्रिस्टलवरची अक्षरं पुन्हा एकदा मोठ्याने वाचा: चॅनल, आरएक्स, सिंगल की डीसी. मग दोन्ही पाय भोकांवर बरोबर आणून अंगठ्याने सरळ आत दाबा. क्रिस्टलला उलट-सुलट बाजू नसते, दोन्ही प्रकारे बसलं तरी चालतं. पूर्ण आत गेल्याचं बोटाला जाणवतं. पाय अर्धवट बाहेर असतील तर काढा आणि पुन्हा बघा, वाकलेल्या पायावर जोर लावू नका. शेवटी क्रिस्टलवरून रिसीव्हरच्या कडेपर्यंत चिकटपट्टीचा एक तुकडा लावा. ग्लो इंजिनाच्या (इंधनावर चालणाऱ्या छोट्या इंजिनाच्या) विमानात हा तुकडा नसेल तर थरथराटाने क्रिस्टल हळूहळू वर सरकतं. रिसीव्हर परत फोममध्ये गुंडाळून जागेवर ठेवा, फार घट्ट नाही.

ट्रान्समीटरचं काय

इथे देशाप्रमाणे फरक पडतो. ब्रिटन आणि युरोपात ३५ मेगाहर्ट्झच्या बऱ्याच ट्रान्समीटरवर मागे किंवा बाजूला छोटी खाच असते आणि उडवणाराच क्रिस्टल बदलतो. अमेरिकेत ७२ आणि ७५ मेगाहर्ट्झच्या ट्रान्समीटरच्या आतलं क्रिस्टल स्वतः बदलू नका, पात्र तंत्रज्ञाकडून बदलून आणि तपासून घ्या, असं कंपन्यांची मॅन्युअल सांगतात. क्रिस्टल बदललं की ट्रान्समीटरची फ्रिक्वेन्सी मोजून बघावी लागते, ती नेमकी बसली नसेल तर आत जुळवणी करावी लागते, आणि ते काम मीटरशिवाय होत नाही. जुना ट्रान्समीटर दुरुस्त करणारा माणूस आता शोधावा लागतो, तरी हा खर्च टाळू नये.

ट्रान्समीटरला मागून निघणारं मॉड्यूल (सिग्नल पाठवणारा सुटा भाग) असेल तर मात्र काम सोपं होतं. नव्या चॅनलचं आख्खं मॉड्यूल घ्या. ते कारखान्यातच जुळवून आलेलं असतं. ट्रान्समीटर बंद करा, दोन्ही बाजूंचे खटके दाबून जुनं मॉड्यूल सरळ मागे ओढा, नवं पिनांवर बरोबर आणून सरळ आत सरकवा. पिना बारीक असतात, तिरपं दाबलं की वाकतात. मॉड्यूल त्याच कंपनीचं आणि त्याच मालिकेचं हवं.

काही मॉड्यूलमध्ये क्रिस्टल बदलावं लागतच नाही. हायटेकच्या स्पेक्ट्रासारख्या मॉड्यूलवर दोन छोटे डायल असतात, एक दशकाचा आणि एक एककाचा. चार आणि दोन लावलं की चॅनल ४२. सोय मोठी आहे, पण कारमध्ये ठेवताना धक्क्याने डायल फिरला तर चॅनल कधी बदलला ते कळत नाही. दर वेळी ट्रान्समीटर चालू करण्याआधी डायल बघायचाच.

लेबल आणि पिन

चॅनल बदलल्यावर ट्रान्समीटरवरचा जुना आकडा त्याच मिनिटाला काढा आणि नवा लावा. अँटेनाच्या बुडाशी लावायची आकड्यांची पट्टी, ट्रान्समीटरच्या मागचं लेबल, क्लबात दिलेलं कार्ड, तिन्ही ठिकाणी. जुना ४२ चा आकडा तसाच ठेवून ५० वर उडवणाऱ्याच्या हातात भलतीच पिन असते. काढलेलं जुनं क्रिस्टल वेगळ्या डबीत, चॅनल लिहून ठेवा. एकाच डबीत टीएक्स आणि आरएक्स मिसळून ठेवू नका.

फ्रिक्वेन्सी बोर्डच्या दोन पद्धती आहेत. काही क्लबात बोर्डवर पिना असतात, तुमच्या चॅनलची पिन घेऊन ट्रान्समीटरला लावायची. पिन नसेल तर दुसरा कोणीतरी चालू आहे. काही क्लबात उलट: आपलं नाव असलेली पिन आपण बोर्डवर आपल्या चॅनलच्या जागी लावायची. नव्या मैदानावर गेल्यावर कोणती पद्धत आहे हे विचारल्याशिवाय बोर्डाला हात लावू नका. पाहुणा आपल्या क्लबच्या सवयीने वागला की दोघांना एकच चॅनल मोकळा दिसतो. आणि पिन नसताना ट्रान्समीटर एका सेकंदासाठीही चालू करायचा नाही. सर्व्हो हलतो का बघायला नाही, बॅटरी किती उरली बघायलाही नाही. हवेतलं विमान त्या एका सेकंदात जमिनीजवळ असू शकतं.

तपासणी

आता पिन घेऊन सेट चालू करा. आधी ट्रान्समीटर, मग रिसीव्हर; बंद करताना आधी रिसीव्हर, मग ट्रान्समीटर. सगळे सर्व्हो बरोबर दिशेला, थरथर न करता हलतात का बघा. मग ट्रान्समीटर बंद करून रिसीव्हर क्षणभर एकटा चालू ठेवा. विमानातले सर्व्हो आपोआप हालचाल करू लागले आणि ती हालचाल कोणीतरी ट्रान्समीटरच्या काड्या (स्टिक) फिरवत असल्यासारखी नेमकी वाटली, तर त्या चॅनलवर दुसरं कोणी आहे. इलेक्ट्रिक विमानाच्या बाबतीत प्रॉपेलर काढलेला असेल तरच ही चाचणी करा.

यानंतर रेंज चेक. ट्रान्समीटरचा अँटेना पूर्ण आत सारा. विमानाजवळ एक जण उभा राहू दे आणि तुम्ही काड्या हलवत हलवत मागे चालत जा. साधारण तीस पावलांवर, म्हणजे २५ ते ३० मीटरवर, सर्व्हो अजून नीट चालले पाहिजेत. आता हेच सगळं इंजिन किंवा मोटार चालू ठेवून, विमान घट्ट धरून पुन्हा करा. इंजिन बंद असताना रेंज चांगली आणि चालू केल्यावर निम्मी, असं झालं तर दोष थरथराटाचा, सैल क्रिस्टलचा किंवा मोटारच्या विद्युत गोंगाटाचा आहे. त्या दिवशी उडवू नका.

पीसीएम सेटमध्ये एक फरक लक्षात ठेवा. एफएम रिसीव्हर सिग्नल कमजोर झाला की आधी थरथरून इशारा देतो. पीसीएम रिसीव्हर खराब सिग्नल बाजूला टाकतो आणि सर्व्हो शेवटच्या जागी धरून ठेवतो किंवा फेलसेफवर, म्हणजे आधी ठरवून ठेवलेल्या सुरक्षित जागी, नेतो. त्यामुळे थरथर दिसत नाही, काडी हलवल्यावर सर्व्हो उशिरा येतो किंवा येतच नाही. रेंज चेक करताना सतत काडी हलवत राहा, नाहीतर हद्द कुठे संपली ते कळणार नाही. पीसीएमवर थ्रॉटलचा फेलसेफ मंद गतीवर लावलेला आहे ना, हेही चॅनल बदलल्यावर पुन्हा बघून घ्या.

उडवताना अँटेना पूर्ण बाहेर काढा, आणि त्याचं टोक थेट विमानाकडे रोखू नका. टोकाच्या दिशेने सिग्नल सगळ्यात कमजोर जातो. पहिल्या फेऱ्या जवळ, पुरेशा उंचीवर ठेवा. काहीही विचित्र जाणवलं तर लगेच उतरवा.

हा सेट भारतात आणायचा असेल तर

पुण्या-मुंबईत आणि इतरत्रही अमेरिकेतून किंवा ब्रिटनमधून आलेला काका-मामांचा सेट घेऊन शिकायला सुरुवात करणारी मुलं असतात, त्यांच्यासाठी हे. अमेरिकेत जो पट्टा मॉडेल विमानांसाठी राखलेला आहे, तो भारतात तसा असेलच असं नाही. भारतात २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ आणि २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ हे पट्टे ठरवून दिलेल्या ताकदीच्या आत परवान्याशिवाय वापरता येतात. ७२ आणि ३५ मेगाहर्ट्झ त्या परवानामुक्त यादीत नाहीत. कोणतंही क्रिस्टल बदलून ७२ चा सेट २७ वर येत नाही, कारण ट्रान्समीटरचं आख्खं सर्किटच ७२ साठी बांधलेलं असतं. परवान्याचा प्रश्न दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन विंगकडे जातो. शिवाय विमान कुठे उडवायचं, कशाची नोंदणी करायची यासाठी ड्रोन नियम २०२१ वेगळे वाचावे लागतात. २७ मेगाहर्ट्झवर खेळण्यातल्या गाड्याही चालतात, म्हणून वजनदार विमान त्यावर उडवणं मला पटत नाही.

म्हणून असा सेट फेकू नका, त्याला २.४ गिगाहर्ट्झवर आणा. ट्रान्समीटरला मागून निघणारं मॉड्यूल असेल तर त्या खाचेत बसणारं २.४ गिगाहर्ट्झचं मॉड्यूल घ्या आणि ट्रान्समीटर पीपीएमवर ठेवा. पीसीएमवर ठेवला तर नव्या मॉड्यूलला काही कळत नाही. ७२ चा लांब अँटेना आता कामाचा नाही, तो काढून टाकता येतो. विमानात मॉड्यूलला जुळणारा नवा रिसीव्हर बसवा. सर्व्हो तेच चालतात, फक्त प्लग बघा: जुन्या एअरट्रॉनिक्सच्या प्लगमध्ये तारांचा क्रम वेगळा असतो, तो न बदलता जोडला तर सर्व्हो जळू शकतो. रिसीव्हरचा जुना ४.८ व्होल्टचा निकॅड पॅक मात्र ठेवू नका. २.४ चे काही रिसीव्हर व्होल्टेज क्षणभर जरी खाली गेलं तरी बंद पडून पुन्हा सुरू होतात, आणि वर्षानुवर्षं पडून राहिलेला पॅक चार सर्व्हो एकदम हलले की नेमकं तेच करतो. नवा पॅक बसवा, मॉड्यूल आणि रिसीव्हर बाइंड करा (एकमेकांशी जोडून घ्या), फेलसेफ लावा आणि मॉड्यूलच्या रेंज चेकच्या बटणावर बोट ठेवून तीच तीस पावलं पुन्हा चाला.